ऊब कोणाच्या खर्चाने? घरून काम, इंधनाचे बिल आणि घरातला वाद (धागा)

१/
फेब्रुवारी १८५५. लंडनच्या चेल्सी भागात, चेनी रो या गल्लीतील एका घरात पत्नीने पतीपुढे अर्थसंकल्प मांडला. तोंडी नव्हे, लेखी; आणि तोही संसदेत भाषण करणाऱ्या अर्थमंत्र्याच्या थाटात. पतीला तिने ‘नोबल लॉर्ड’ असे संबोधले होते. पती होता इतिहासकार थॉमस कार्लाइल आणि पत्नी जेन वेल्श कार्लाइल. हिवाळा कडाक्याचा होता, क्रिमियाचे युद्ध चालू होते, भाव चढले होते आणि पतीकडून मिळणारा घरखर्च पुरेनासा झाला होता.

२/
कार्लाइलचे कार्यालय म्हणजे त्याचे घरच. शेजारच्या कोंबड्यांचे आरवणे आणि भिंतीपलीकडचा पियानो यांनी तो हैराण होई. म्हणून १८५३ मध्ये घराच्या माथ्यावर आवाज न पोहोचणारी एक खोली बांधून घेण्याचे काम सुरू झाले. खोली फसली, आवाज यायचा तो आलाच. तरी प्रशियाच्या फ्रेडरिक राजाचे सहा खंडांचे चरित्र त्याने पुढे तेथेच बसून लिहिले. स्वयंपाकघर घराच्या अगदी तळाशी आणि लेखनाची खोली अगदी माथ्यावर. मधल्या जिन्यांवरून ओझी वाहायला घरात एकच मोलकरीण.

३/
जेनने मांडलेला हिशेब साधा होता. पाव, लोणी, मेणबत्त्या, कोळसा हे सारे महागले होते. पाण्याची आणि नगराची पट्टी वाढली होती. आपण उधळपट्टी केलेली नाही, हे तिने एकेक बाब घेऊन सिद्ध केले. तिच्या विनोदबुद्धीवर कार्लाइल खूश झाला आणि त्याने वर्षाला ३० पौंड वाढवून दिले. प्रसंग गोड आहे. तथापि त्यातील एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. कोळशाचा भाव जिला ठाऊक होता, तिच्या हाती पैसा नव्हता. आणि ज्याच्या हाती पैसा होता, त्याला भाव समजावून सांगण्यासाठी तिला विनोदी अर्ज लिहावा लागला.

४/
महाराष्ट्रात थंडी म्हणजे गोधडी, शाल आणि फार तर अंगणातली शेकोटी. घर तापवण्याचा दरमहा खर्च ही कल्पनाच येथे परकी. ब्रिटनमध्ये मात्र वर्षातील निम्म्याहून अधिक काळ ऊब ही विकत घ्यावी लागणारी वस्तू आहे. त्यामुळे तेथे एक प्रश्न पुनःपुन्हा उपस्थित होत आला : काम घरात होत असेल, तर त्या कामासाठी लागणाऱ्या उबेचे पैसे कोणी द्यायचे? या प्रश्नाचे उत्तर साडेतीन शतकांत अनेकदा पालटले. हा धागा त्या पालटाचा आहे.

५/
आरंभ १६६२ पासून करणे सोयीचे ठरेल. पोर्तुगीज राजकन्येशी झालेल्या विवाहात मुंबई बेट ज्याला आंदण मिळाले, त्याच चार्ल्स दुसऱ्याच्या कारकिर्दीत इंग्लंडच्या संसदेने ‘हार्थ टॅक्स’ बसवला. आपल्याकडील पट्ट्यांच्या चालीवर त्याला ‘चूलपट्टी’ म्हणता येईल. दर चुलीमागे वर्षाला २ शिलिंग, दोन हप्त्यांत. तर्क असा की चुली जितक्या अधिक, तितका घरधनी संपन्न. गोरगरिबांना सूट होती. पण ती मिळवण्यासाठी आधी आपण गरीब असल्याचे सिद्ध करावे लागे.

६/
चुली मोजायच्या तर अधिकाऱ्याला घरात शिरणे भाग होते आणि लोकांचा रोष त्यावरच होता. शिवाय कारागिराच्या घरात निराळाच पेच. लोहाराची भट्टी ही घरची चूल मानायची की धंद्याचे साधन? भटाऱ्याची भट्टी कोणत्या खात्यात? यावर तंटे होत. ऑक्सफर्डशायरमधील चर्चिल या गावी १६८४ मध्ये मोठी आग लागली. कर चुकवण्यासाठी एका भटारणीने स्वतःचे धुरांडे टाळून शेजारच्या धुरांड्याला भोक पाडले होते, असे त्या आगीचे कारण परंपरेने सांगितले जाते. वीस घरे भस्मसात झाली, चौघांचा जीव गेला. १६८९ मध्ये विल्यम आणि मेरी यांनी सत्तेवर येताच हा कर रद्द केला.

७/
पुढील शतकभरात ‘घर की कारखाना’ हा पेच घरोघरी पोहोचला. व्यापारी कच्चा माल घरपोच द्यायचा, कुटुंबाने त्याचे कापड, सूत किंवा मोजे करायचे आणि नगावर मजुरी घ्यायची. अठराव्या शतकातील इंग्लंडचा वस्त्रोद्योग मोठ्या प्रमाणावर असाच चाले. जागा कामगाराची, उजेड कामगाराचा, इंधनही कामगाराचे. व्यापाऱ्याला इमारत बांधावी लागत नव्हती की ती तापवावी लागत नव्हती. घरून काम करण्याच्या या पद्धतीचे खरे अर्थशास्त्र या एका वाक्यात सामावले आहे.

८/
मात्र कामाला हवी असलेली हवा आणि माणसाला हवी असलेली हवा एकच असते असे नाही. लँकेशायरच्या सुती विणकरांचे उदाहरण पाहावे. सुती धागा कोरड्या हवेत ठिसूळ होतो आणि तुटतो. म्हणून हातमाग बहुधा तळघरात किंवा मातीच्या जमिनीच्या ओलसर खोलीत मांडले जात. तेथे शेगडी पेटवून हवा कोरडी करणे म्हणजे धागा तोडणे, आणि धागा तुटला की मजुरी बुडाली. घरातील सर्वांत अधिक तास जो राबे, त्याच्याच वाट्याला घरातील सर्वांत दमट कोपरा येई.

९/
यॉर्कशायरमधील ब्रॅडफर्ड येथे याच्या नेमके उलट चाले. लोकर विंचरणाऱ्यांना फण्या सतत तापवाव्या लागत, कारण थंड फणीत लोकरीचा तंतू सरळ होत नाही. त्यासाठी राहत्या घरातच लोणारी कोळशाची शेगडी धुमसत ठेवत. त्याच खोलीत काम, तेथेच स्वयंपाक, तेथेच मुलांचे झोपणे. १८४५ च्या सुमारास या वस्त्यांची पाहणी झाली, तेव्हा कोंदट धुराने भरलेल्या खोल्यांची वर्णने नोंदली गेली. येथे ऊब भरपूर होती. पण ती लोकरीसाठी होती, माणसांसाठी नव्हे. तिचा धूर मात्र माणसांनी सोसायचा होता.

१०/
तिसरे उदाहरण नॉटिंगहॅम आणि लेस्टर परिसरातील मोजे विणणाऱ्यांचे. त्यांची विणयंत्रे घरात असत, पण बहुधा मालकी दुसऱ्याची. त्यामुळे मजुरी हाती पडण्याआधीच यंत्राचे भाडे कापले जाई. यंत्र दुसऱ्याच्या जागेत असेल तर जागेचे भाडे निराळे. शिवाय सुया, तेल, मेणबत्त्या. पत्नी शिवण घाली, मुले सूत गुंडाळीत; त्या श्रमांचा मोबदला त्याच मजुरीत धरलेला. काम कमी मिळाले तरी भाडे पूर्ण द्यावे लागे. या हलाखीच्या चौकशीसाठी संसदेने आयोग नेमला आणि त्याचा अहवाल १८४५ मध्ये आला.

११/
हे तिन्ही घरधंदे यंत्रांनी आणि कारखान्यांनी गिळले. कामगारांची दैना झाली, ती सर्वज्ञात आहे. पण इंधनाच्या हिशेबात एक मूलभूत बदल घडला : कामाच्या जागेचा कोळसा आता मालकाच्या खात्यात गेला. यात दया नव्हती. सूतगिरणीतील दमट उष्मा सुताच्या सोयीचा होता आणि त्यात मुले घामाघूम होत. तथापि एकदा कामाची जागा मालकाची ठरली, तेव्हा तिच्यावर नियम लादता येऊ लागले. दार ठोठावायला कारखाना-निरीक्षक आता एका निश्चित पत्त्यावर जाऊ शकत होता.

१२/
या वाटचालीची फळे विसाव्या शतकात दिसली. १९३७ च्या ब्रिटिश कारखाना कायद्याने बैठ्या कामाच्या जागी पहिल्या तासानंतर किमान ६० अंश फॅरनहाइट तापमानाची अपेक्षा घालून दिली. १९६३ मध्ये कचेऱ्या, दुकाने आणि रेल्वेच्या इमारतींसाठी स्वतंत्र कायदा झाला. त्याने १६ अंश सेल्सिअसची किमान मर्यादा ठरवली. कारकुनाची बोटे गारठू नयेत ही आता मालकाची कायदेशीर जबाबदारी होती. कार्लाइलच्या काळी जो खर्च घराच्या पोटात दडलेला होता, तो आता कचेरीच्या हिशेबवहीत आला.

१३/
परंतु घरात काम करणारे एक माणूस मागे उरलेच होते : गृहिणी. तिचे काम कोणत्याही कायद्याच्या लेखी काम नव्हते. लंडनच्या लँबेथ भागातील मजूर कुटुंबांचे जमाखर्च फेबियन महिला मंडळाने नोंदवले आणि मॉड पेंबर रीव्हज यांनी ते १९१३ मध्ये ‘राउंड अबाउट अ पाउंड अ वीक’ या पुस्तकात मांडले. आठवड्याला सुमारे एका पौंडात चालणारे हे संसार. भाडे, अंत्यविधीचा विमा आणि कोळसा आधी काढून ठेवायचा. जे उरेल त्यात पोट भरायचे. सुखवस्तू माणूस टनाने कोळसा घेई. या बायका हंड्रेडवेटने, म्हणजे सुमारे ५१ किलोच्या मापाने घेत. तोही साठवायला जागा नसलेल्या घरात. थोडे थोडे घेणाऱ्याला माल महागच पडतो.

१४/
१८९० च्या दशकात कामगार वस्त्यांत नाणे टाकून चालणारे गॅसमीटर आले. पेनी टाकली की तेवढ्या किमतीचा गॅस मिळायचा. ती संपली की ज्योत विझायची. आजच्या मोबाइल-रिचार्जचे हे पणजोबा. ज्यांना तिमाही बिल परवडत नव्हते, त्यांच्या घरी यामुळेच गॅस पोहोचला. पण यात आणखी एक गोष्ट घडली. ऊब ही आता घरातील माणसांनी दर पेनीला नव्याने घ्यायची निर्णयाची बाब झाली. पेनी कोणी टाकायची, आता टाकायची की मुले शाळेतून आल्यावर, हा वाद मीटरबरोबरच घरात आला.

१५/
इंग्रजी घराची ऊब दीर्घकाळ एकाच चुलीभोवती होती. तिची बरीचशी उष्णता धुरांड्यातून आकाशात जाते, हे काउंट रम्फर्डने १७९६ मध्येच दाखवून दिले होते आणि धुरांड्याचा गळा अरुंद करण्याची युक्तीही सांगितली होती. तरी उघड्या चुलीचा मोह सुटला नाही. १९४५ च्या डिसेंबरात जॉर्ज ऑर्वेल यांनी वृत्तपत्रात लेख लिहून तिची बाजू घेतली. ती इंधन वाया घालवते हे त्यांना मान्य होते. पण ती सगळ्या कुटुंबाला एका खोलीत एकत्र बसवते, हा तिचा गुण त्यांना मोलाचा वाटला. एकत्र बसण्यामागे प्रेमाबरोबर निरुपायही होता. बाकी खोल्या गारठलेल्या असत.

१६/
डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर विषारी धुके दाटले. तत्कालीन अंदाजानुसार सुमारे ४,००० माणसे दगावली. घरोघरच्या कोळशाच्या चुली हे त्याचे एक मोठे कारण होते. १९५६ चा स्वच्छ हवा कायदा त्यातून आला. १९६१ मध्ये पार्कर मॉरिस समितीने घरबांधणीविषयी अहवाल दिला. घराच्या बैठकीच्या भागात ६५ अंश आणि स्वयंपाकघरात व ये-जा करण्याच्या जागी ५५ अंश फॅरनहाइट राखता यावे, अशी तिची शिफारस होती. हेतू नुसत्या सुखसोयीचा नव्हता. खोल्या उबदार असतील तरच मुलाला एकीकडे अभ्यास आणि इतरांना दुसरीकडे आपापले काम करता येईल. उबेने घराचे क्षेत्रफळ वाढते, हे समितीने ओळखले होते.

१७/
१९६७ ते १९७७ या दशकात ब्रिटनमधील गॅसची उपकरणे उत्तर समुद्रातील नैसर्गिक वायूसाठी बदलण्यात आली. शतक संपेपर्यंत बहुतेक घरांत सेंट्रल हीटिंग, म्हणजे एका बॉयलरवर सगळे घर तापवण्याची व्यवस्था आली. त्यासोबत भिंतीवर थर्मोस्टॅट आला. त्याचे मूळ अमेरिकेत : १८८३ मध्ये विस्कॉन्सिनमधील प्राध्यापक वॉरन जॉन्सन यांनी खोलीच्या तापमानाची वर्दी देणाऱ्या विजेच्या उपकरणाचे पेटंट घेतले. कोळशाच्या काळी भांडण कष्टाचे होते : बादली कोणी उचलायची, राख कोणी काढायची. थर्मोस्टॅटने कष्ट संपवले आणि भांडण एका आकड्यावर आणून ठेवले. माणसे चार, आकडा एक.

१८/
हा आकडा सर्वांना सारखा मानवत नाही, याला शरीरशास्त्रीय आधार आहे. कचेऱ्यांतील तापमानाचे प्रचलित मानक ज्या गणितावर उभे आहे, त्यात सुमारे ४० वर्षांच्या, ७० किलो वजनाच्या पुरुषाच्या शरीराची उष्णता गृहीत धरलेली आहे. स्त्रियांच्या बाबतीत हे गृहीतक चुकते, असे नेदरलँड्समधील संशोधकांनी २०१५ मध्ये ‘नेचर क्लायमेट चेंज’ या नियतकालिकात दाखवले. यात आणखी एक साधी गोष्ट मिळवावी. चालता-फिरता माणूस १७ अंशांत सुखाने वावरतो. संगणकापुढे आठ तास निश्चल बसलेल्याला तेच तापमान बोचते. घरात एक जण बैठे काम करतो आणि दुसरा धावपळीचे, तेव्हा दोघेही आपापल्या जागी खरेच बोलत असतात.

१९/
२३ मार्च २०२० रोजी ब्रिटनमध्ये टाळेबंदी जाहीर झाली आणि कचेऱ्या घरी आल्या. येथे कायद्यातील एक बारीकशी व्याख्या महत्त्वाची ठरते. कामाच्या जागेच्या तापमानाविषयीची ब्रिटनमधील चालू नियमावली १९९२ ची आहे. तिच्या व्याख्येनुसार ‘कामाची जागा’ म्हणजे राहते घर नसलेली जागा. म्हणजे काम तेच, मालक तोच, कामाचे तासही तेच. पण टेबल कचेरीतून शयनगृहात आल्याबरोबर त्याभोवतीच्या हवेची त्या नियमावलीतील हमी संपली. १९६३ मध्ये मालकाच्या वहीत गेलेला खर्च कोणतीही चर्चा न होता कुटुंबाच्या वहीत परतला.

२०/
भरपाईची तरतूद होती, पण नाममात्र. मालकाने वाढीव घरखर्चापोटी आठवड्याला ६ पौंड दिले तर ते करमुक्त. न दिले तर तेवढ्या रकमेवर कामगाराला करसवलत. २० टक्के दराने कर भरणाऱ्याच्या हाती त्यातून आठवड्याला १ पौंड २० पेन्स येत. मग रशिया-युक्रेन युद्धाच्या आगेमागे गॅसचे भाव भडकले. सर्वसाधारण कुटुंबाच्या वार्षिक ऊर्जाबिलाची नियामकाने ठरवलेली कमाल पातळी एप्रिल २०२२ मध्ये १,२७७ पौंडांवरून १,९७१ पौंडांवर गेली. ऑक्टोबरमध्ये ती ३,५४९ पौंड होणार होती. सरकारने हस्तक्षेप करून ती २,५०० च्या आसपास रोखली. त्या हिवाळ्यात अनेक ग्रंथालयांनी आणि चर्चनी थंडीने काकडणाऱ्यांसाठी उबदार खोल्या खुल्या केल्या.

२१/
दिवसा घरी कोणी नसते तेव्हा हीटिंग बंद ठेवता येते. घरून काम करणाऱ्याचा दिवस मात्र घरातच जातो. त्या हिवाळ्यात ज्या घरांत एक जण कचेरीत जाई आणि दुसरा घरी बसून काम करी, तेथे हिशेब विषम होता : पहिल्याची ऊब मालकाच्या पैशाची, दुसऱ्याची संयुक्त खात्यातून. संध्याकाळी बिलावरून बोलणे व्हायचे ते या दोघांतच. कोणाला थंडी सोसत नाही, कोण चिक्कू, कोण उधळा, अशा स्वभावाच्या भाषेत तो वाद मांडला जाई. तिसरा पक्ष, म्हणजे ज्याचे काम त्या खोलीत चालले होते तो, या संभाषणात नसे.

२२/
इतिहास घरगुती भांडण मिटवू शकत नाही. ते कोणाशी व्हायला हवे होते, हे मात्र तो दाखवू शकतो. मोजे विणणाऱ्यांच्या घरातही पती-पत्नी मेणबत्तीवरून आणि कोळशावरून एकमेकांशी भांडलेच असतील. पण त्यांच्या विपन्नतेचे मूळ त्यांच्या स्वभावात नव्हते, ते मजुरीतून कापल्या जाणाऱ्या भाड्यात होते. हे उमगल्यावर त्यांनी संघटना केल्या, साक्षी दिल्या, संसदेकडे गाऱ्हाणे नेले. यंत्राचे भाडे मजुरीतून कापण्यास बंदी घालणारा कायदा १८७४ मध्ये झाला. आयोगाचा अहवाल आणि तो कायदा यांत २९ वर्षांचे अंतर होते. तोवर बहुतेक विणकाम कारखान्यांत जाऊ लागले होते आणि ज्यांनी साक्षी दिल्या त्यांतील अनेक जण हयात नव्हते. २०२० मध्ये घरी परतलेल्या खर्चाची मोजदाद तर आत्ताच कुठे सुरू झाली आहे.